नोरा बॅटीच्या पायऱ्या

गावांची कीर्ती माणसांच्या कीर्तीसारखीच लहरी असते. पैठण म्हटले की साडी आठवते, सोलापूर म्हटले की चादर, कोल्हापूर म्हटले की चपला. त्या गावात संत होऊन गेले, राजे होऊन गेले, लढाया झाल्या, तरी लोकांच्या तोंडी राहते ते असे काहीतरी रोजच्या वापरातले. इंग्लंडातल्या एका लहानशा गावाच्या वाट्याला मात्र याहूनही नवलाची कीर्ती आली. त्या गावाला जगभर नाव मिळाले ते एका काल्पनिक बाईच्या घसरलेल्या, सुरकुतलेल्या पायमोज्यांमुळे, आणि ती बाई हातात झाडू घेऊन ज्या दगडी पायऱ्यांवर उभी राहत असे, त्या पायऱ्यांमुळे! या गावाचा इतिहास आपल्या भगिनींना वाचायला आवडेल आणि त्यातून आपल्यालाही काही घेण्यासारखे आहे, म्हणून तो येथे थोडक्यात देत आहे.

गावाचे नाव होमफर्थ. उत्तर इंग्लंडात यॉर्कशायर नावाचा मोठा परगणा आहे. त्यातील हडर्सफील्ड या शहराच्या दक्षिणेस पाचसहा मैलांवर, होम नावाच्या नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. चोहीकडे उंच माळ, त्यावर मेंढरे, उतारावर काळसर दगडांची एकमेकांना चिकटून बांधलेली घरे, आणि खाली नदीच्या काठाने लोकरी कापडाच्या गिरण्या. पाणी गिरणीला हवे आणि गिरणी माणसाला हवी, म्हणून माणसे नदीच्या अगदी कुशीत राहिली. या एका गोष्टीत त्या गावाचे भाग्यही होते आणि दुर्भाग्यही.

होमफर्थचे नाव देशभर झाले ते एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा झाले ते दुःखामुळे. गिरण्यांना वर्षभर पाणी मिळावे म्हणून खोऱ्याच्या वरच्या अंगाला बिलबेरी नावाचे धरण बांधले होते. बांध मातीचा होता. त्याच्या पायात एक झरा होता आणि तो नीट बुजवला गेला नव्हता. त्यामुळे बांध हळूहळू खचत गेला. जादा पाणी वाहून जाण्यासाठी जी दगडी विहीर केली होती, तिच्या तोंडापेक्षा बांधाचा माथाच खाली आला. म्हणजे संकटाच्या वेळी पाण्याला सुटायची वाट जी ठेवली होती, तीच निरुपयोगी ठरली. दुरुस्ती करावी हे ठाऊक असूनही खर्चाच्या आणि कज्ज्यांच्या घोळात ती राहून गेली. शेवटी १८५२ सालच्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस, मध्यरात्र उलटून गेल्यावर, बांध फुटला. सुमारे ८ कोटी ६० लाख गॅलन पाणी झोपलेल्या खोऱ्यावर कोसळले. ८१ माणसे बुडाली. कितीतरी घरांत आईबाप आणि मुले एकाच रात्री गेली. ज्यांची माणसे वाचली त्यांचे हातमाग आणि गिरण्या वाहून गेल्या, म्हणजे पोटही गेले.

पुणेकर भगिनींना हे वाचताना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा दिवस आठवल्याशिवाय राहणार नाही. पाण्याची जात सगळीकडे सारखीच असते आणि माणसांची हयगयही.

होमफर्थच्या चौकशीत पंचांनी स्पष्ट म्हटले की धरणाच्या कारभाऱ्यांनी घोर निष्काळजीपणा केला. पण कारभार एका मंडळाचा असल्यामुळे कायद्याने कोणा एकावर मनुष्यवधाचा गुन्हा लावता येत नाही, याबद्दल त्यांनी खेदही नोंदवला. देशभरातून मदतनिधी जमला. त्याबरोबरच नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने हजारो लोक ती उद्ध्वस्त घरे पाहायलाही आले. बघ्यांची गर्दी या गावाने प्रथम पाहिली ती तेव्हा. पाणी कोठवर चढले होते याची खूण गावातल्या एका जुन्या दगडी खांबावर आहे. ती डोक्यापेक्षा उंच आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुसऱ्यांदा नाव झाले ते एका हुशार कुटुंबामुळे. जेम्स बॅमफोर्थ या गृहस्थांनी १८७० साली होमफर्थमध्ये छायाचित्रांचा धंदा सुरू केला. त्या काळी काचेवरची चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवीत. त्यांना जादूचा कंदील म्हणत. बॅमफोर्थ यांनी अशा चित्रांच्या मालिका काढल्या. मागे रंगवलेला पडदा लावायचा, पुढे गावातलीच माणसे उभी करायची, आणि एखादी भावपूर्ण कथा किंवा दारूचे दुष्परिणाम सांगणारी गोष्ट चित्रांतून मांडायची. शेजारीपाजारी आणि नात्यातली माणसे कधी मरणपंथाला लागलेली आई व्हायची, तर कधी दारुडा बाप. एकोणिसावे शतक संपता संपता बॅमफोर्थ यांनी हलती चित्रेही काढली आणि पुढे १९१३ ते १९१५ या काळात पुन्हा मूकपट काढले. हॉलिवूडचे नाव जगाला माहीत होण्याआधी या डोंगरातल्या गावात, गावच्याच रस्त्यांवर, गावचीच माणसे घेऊन चित्रपट बनत होते!

मूकपटांचा धंदा टिकला नाही, परंतु बॅमफोर्थ यांची रंगीत पत्रे टिकली. प्रथम गाण्यांच्या आणि भजनांच्या ओळी छापलेली भावुक पत्रे निघाली. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ती एकमेकांना पाठवली. मागाहून समुद्रकाठच्या सहलीची थोडी चावट, जाडजूड बायका आणि काडीपैलवान नवरे यांची विनोदी पत्रे निघाली. या चित्रांतली धिप्पाड, रागीट बायको आणि तिला घाबरून पळणारा नवरा यांची मनात नोंद करून ठेवावी. साठ वर्षांनी ही जोडी त्याच गावात पुन्हा अवतरणार होती.

मध्यंतरी आणखी एक पूर येऊन गेला. १९४४ सालच्या मे महिन्याच्या २९ तारखेस, सणाच्या सुटीच्या दिवशी, ढगफुटी होऊन नदी गावात शिरली. तीन माणसे दगावली. जेफ्री रायली नावाचा चौदा वर्षांचा मुलगा एका वृद्ध स्त्रीला वाचवण्यासाठी वडिलांबरोबर पाण्यात उतरला. वडीलही बुडाले, ती स्त्रीही बुडाली, तो मात्र वाचला. त्याच्या शौर्याबद्दल त्याला सरकारी पदक मिळाले. परंतु महायुद्धाचे दिवस होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी चालली होती आणि वर्तमानपत्रांवर बंधने होती. त्यामुळे या पुराची बातमी फारशी कोणाच्या कानांवर गेली नाही. दुःख तेच असले तरी कीर्ती प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही.

आता तिसरी कीर्ती. १९७० च्या सुमारास होमफर्थच्या लोकरी गिरण्यांना उतरती कळा लागली होती. आगगाडीची प्रवासी वाहतूक १९५९ सालीच बंद झालेली. गाव काहीसे विसरल्यासारखे पडले होते. त्याच सुमारास लंडनमध्ये बी.बी.सी.च्या विनोदी कार्यक्रमांच्या प्रमुखांनी रॉय क्लार्क या लेखकाला सुचवले की, तीन म्हाताऱ्या माणसांवर एक विनोदी मालिका लिहावी. क्लार्क हे यॉर्कशायरकडचेच. शिक्षक, पोलीस, फिरता विक्रेता असे नाना उद्योग करून लेखनाकडे वळलेले. त्यांना प्रथम विषय नीरस वाटला. मग त्यांना युक्ती सुचली. या तिघांना संसाराचे पाशच नसावेत. एक विधुर, एक बायको सोडून गेलेला, एक अविवाहित. नोकरी नाही, पोराबाळांची चिंता नाही. असे म्हातारे वागतील कसे? शाळेला सुटी लागलेल्या पोरांसारखे! बस, मालिकेचा गाभा सापडला.

जागा कोणती घ्यावी हा प्रश्न होता. बॅरी टुक या विनोदी लेखकाने पूर्वी कामगारांच्या मनोरंजन केंद्रांवर एक माहितीपट करताना होमफर्थ पाहिले होते. त्यांनी ते गाव सुचवले. निर्माते जेम्स गिल्बर्ट आणि क्लार्क यांनी जाऊन पाहिले आणि गाव पसंत पडले. ४ जानेवारी १९७३ रोजी पहिला नमुन्याचा भाग दाखवला गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालिका सुरू झाली. नाव होते ‘लास्ट ऑफ द समर वाईन’. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आपल्या घरात यायला अजून अवकाश होता.

त्या तिघांची थोडी ओळख करून द्यायला हवी. कॉम्पो हा अगदी गबाळा. फाटका कोट, सुतळीने बांधलेली विजार, डोक्याला लोकरी टोपी आणि पायात रबरी बूट. हे काम बिल ओवेन यांनी केले. क्लेग हा विचारी आणि भित्रा विधुर, म्हणजे पीटर सॅलिस. तिसरा सुरुवातीला ब्लेमायर नावाचा टापटिपीचा गृहस्थ होता. ते काम करणारे मायकेल बेट्स यांचा जन्म झाला होता आपल्या राणी लक्ष्मीबाईंच्या झांशीत, आणि दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात गुरख्यांच्या पलटणीत लढले होते. आजारपणामुळे त्यांना मालिका सोडावी लागली व १९७८ साली ते वारले. त्यांच्या जागी फौजी बढाया मारणारा फॉगी आला. हे तिघे गावभर भटकत, भिंतीवर बसून जन्ममरणाच्या गप्पा मारीत, आणि चाके लावलेल्या कसल्याही वस्तूत बसून डोंगराच्या उतारावरून घसरत सुटत.

आणि त्यांच्या विरुद्ध बाजूला होती नोरा बॅटी. केसांना गुंडाळ्या, अंगावर घरकामाचा झगा, पायमोजे घोट्यापर्यंत घसरलेले, हातात झाडू. कॉम्पो तिच्यावर भाळलेला, आणि ती त्याला झाडूने पायऱ्यांवरून हुसकून लावणारी. हे काम करणाऱ्या कॅथी स्टाफ या प्रत्यक्षात सडपातळ होत्या. नोरा होण्यासाठी त्यांना कपड्यांच्या आत भरणी घालावी लागे. बॅमफोर्थ यांच्या चित्रांतली ती जाडजूड बाई जणू कागदावरून उतरून पायरीवर येऊन उभी राहिली होती.

ही मालिका ३७ वर्षे चालली. १९७३ ते २०१० या काळात तिचे २९५ भाग झाले, आणि ते सगळे एकट्या रॉय क्लार्क यांनी लिहिले. जगात इतकी दीर्घकाळ चाललेली दुसरी विनोदी प्रसंगमालिका नाही असे मानतात. १९८५ साली तर एका भागाला १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. पहिली बरीच वर्षे घरातले प्रसंग लंडनच्या चित्रणगृहात प्रेक्षकांसमोर होत आणि बाहेरचे तेवढे होमफर्थ व जॅक्सन ब्रिज, मार्सडेन अशा आसपासच्या गावांत चित्रित होत. परंतु लोकांच्या मनात राहिले ते बाहेरचेच. दगडी गल्ल्या, हिरवे डोंगर, आणि रिमझिम पावसात चमकणारी कौले.

मग लोक येऊ लागले. खासगी गाड्यांतून आले, मोठमोठ्या बसगाड्यांतून आले. त्यांना मालिकेतले सिडचे चहाचे दुकान हवे होते. गंमत अशी की, मालिकेत येण्यापूर्वी तेथे चहाचे दुकान नव्हतेच. ती सामान ठेवण्याची जागा होती आणि चित्रणापुरती दुकानासारखी सजवली जाई. लोक दार ढकलून चहा मागू लागले, तेव्हा तेथे खरेच चहाचे दुकान निघाले. नोराच्या पायऱ्यांजवळ दुसरे उपाहारगृह निघाले, त्याचे नाव ‘सुरकुतलेला पायमोजा’! मालिकेतल्या जागा दाखवत हिंडवणारी छोटी बसगाडी सुरू झाली. कॉम्पोच्या घराच्या तळमजल्यावर मालिकेचे प्रदर्शन मांडले गेले. खुद्द नोराचे घर पुढे पाहुण्यांना सुटीत राहण्यासाठी भाड्याने मिळू लागले.

गिरण्यांचे भोंगे बंद होत असताना या गावातल्या कितीतरी घरांची चूल अशी पाहुण्यांच्या चहाबिस्किटांवर पेटती राहिली, हे विसरून चालणार नाही. आपल्या मुंबईच्या गिरणगावाने गिरण्या बंद पडल्यावर काय सोसले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे मोल कळेल.

पण प्रत्येक कीर्तीची एक किंमत असते. ज्या घराची पायरी जगाने पाहिली, त्या घरात राहणाऱ्याला सकाळी दूध आत घ्यायला दार उघडले तरी समोर छायाचित्र काढणारे उभे. अरुंद रस्त्यांवर बसगाड्यांची कोंडी. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, येणारा माणूस खरे गाव पाहायला येत नव्हता, तो दूरचित्रवाणीवरचे गाव शोधायला येत होता. पुराची खूण असलेल्या खांबावरून त्याची नजर सहज पुढे जाई आणि नोराच्या पायरीवर जाऊन थांबे. ८१ माणसांचा बळी गेलेले गाव, चौदा वर्षांच्या जेफ्रीचे गाव, मूकपट काढणारे गाव, हे सारे त्या तीन म्हाताऱ्यांच्या मागे झाकले गेले.

आम्हा बायकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मालिकेतले पुरुष मोकळे हुंदडतात आणि बायका त्यांच्यावर डाफरतात. प्रेक्षक हसतात, आपणही हसतो. नोराच्या पायऱ्या मात्र नेहमी लख्ख असतात. त्या कोणी झाडल्या? सिडच्या दुकानात खरा कारभार त्याची बायको आयव्हीच करते ना? त्या खोऱ्यातल्या खऱ्या बायकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत मागावर उभे राहून काम केले आणि घरी येऊन दाराची पायरीही घासली. पायरी स्वच्छ असणे ही त्यांच्या इभ्रतीची गोष्ट होती. रॉय क्लार्क यांनी हे नेमके टिपले याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पुढे पुढे मालिकेत बायकांची चहाची बैठकही रंगू लागली आणि तेथे पुरुषजातीचा जो समाचार घेतला जाई, तो ऐकून आपल्यापैकी पुष्कळजणींना घरच्यासारखे वाटेल! परंतु झाडूवाल्या बाईच्या थट्टेमागे एका कष्टाळू पिढीचा इतिहास आहे, हे हसताना ध्यानात असावे.

या कथेतली सर्वांत हृद्य गोष्ट मात्र कलावंतांची आहे. बिल ओवेन हे लंडनचे. यॉर्कशायरशी त्यांचा काही संबंध नव्हता. वर्षानुवर्षे चित्रणासाठी येता येता त्यांना या गावाची इतकी ओढ लागली की, आपल्याला येथेच पुरावे अशी त्यांची इच्छा होती. १९९९ सालच्या जुलैत ते वारले, आणि होमफर्थच्या वरच्या बाजूला अपरथाँग येथील सेंट जॉन चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. मालिकेत कॉम्पोचाही मृत्यू दाखवला गेला आणि त्याच्या अंत्यविधीवर २००० साली तीन भाग झाले. पुढे बिल यांचे चिरंजीव टॉम ओवेन मालिकेत आले. पीटर सॅलिस हेही लंडनचेच. २९५ पैकी प्रत्येक भागात असलेले ते एकटेच. २०१७ साली वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांनाही आणून मित्राशेजारीच विसावा दिला गेला. खोटे गाव दाखवायला आलेली ही माणसे शेवटी खऱ्या गावची झाली. गावानेही त्यांना परके मानले नाही.

मालिका २०१० सालच्या ऑगस्टअखेर संपली. आता पुढे काय, अशी काळजी साहजिकच होती. परंतु होमफर्थ केवळ तिच्यावर विसंबून राहिले नाही. १९१३ साली उघडलेले तेथले जुने चित्रपटगृह आता संगीताच्या कार्यक्रमांसाठी नावाजले आहे, गावात कलेचे उत्सव भरतात, आणि २०१४ साली फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत इंग्लंडातून निघाली तेव्हा ती याच गावातून गेली. पायमोज्यांच्या कीर्तीने जो हात दिला तो धरून गाव उठले आणि मग आपल्या पायांवर चालू लागले.

आपल्या वस्तीत कॅमेरे येतील न येतील. आले तरी ते त्यांना हवे तेवढेच टिपून नेतील. पुराचे पाणी कोठवर आले होते, त्या रात्री कोणी कोणाला माळ्यावर ओढून घेतले, पहिली शिवणयंत्रे कोणत्या खोलीत बसली, नळावरच्या भांडणातून मैत्री कशी जुळली, हे टिपायला बाहेरून कोणी येणार नाही. ते काम घरच्यांचेच आहे. वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपण जी स्मरणिका काढतो, ती केवळ जाहिराती आणि अहवाल छापण्यासाठी नसते. ज्या भगिनींना वस्तीचे जुने दिवस आठवतात, त्यांनी ते येत्या वर्षात चार ओळींत का होईना लिहून द्यावेत. लिहिता येत नसेल तर सांगावे, लिहून घेणाऱ्या पुष्कळ आहेत. पुराची खूण कोणी तरी खांबावर कोरली, म्हणूनच ती आज दाखवता येते.